नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश

शनिवार सकाळ. बाहेर पाऊस धरून आलाय, बायको लेकीला घेऊन माहेरी गेलीये, चहाचा दुसरा कप समोर आहे आणि ऑफिसचा लॅपटॉप मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवलाय. गेले दोन महिने एक विषय डोक्यात घोळतोय, तो आज लिहून टाकतो. थोडा त्रागा होणार आहे. आधीच सांगतो, म्हणजे नंतर तक्रार नको.

विषय दिसायला अगदी फालतू आहे. सिक्युरिटी टेस्टिंगचं एखादं टूल विंडोज, लिनक्स आणि मॅकवर इन्स्टॉल कसं करायचं? या प्रश्नाची हजारो उत्तरं नेटवर पडलेली आहेत, आणि बहुतेक सगळी एकाच साच्यातली. इथून डाउनलोड करा, नेक्स्ट दाबा, नेक्स्ट दाबा, फिनिश. लिनक्सवाल्यांनी ही एक ओळ टर्मिनलमध्ये चिकटवा. मॅकवाल्यांना वॉर्निंग आली तर घाबरू नका, ती अशी घालवा. झालं! आता खऱ्या विषयाकडे वळू या.

माझं म्हणणं असं की खरा विषय तिथेच संपलेला असतो. सिक्युरिटीचं टूल इन्स्टॉल करणं ही परीक्षेची तयारी नव्हे, तो पहिला पेपर आहे. आणि त्यात आपण सगळे, मी धरून, नापास होतो.

मी धरून का म्हणालो ते सांगतो.

आमच्या टीममध्ये एक पोरगा होता. कॉलेजातून थेट आलेला, प्रोबेशनवर, हुशार, आणि प्रत्येक वाक्यात 'सर' म्हणणारा (आयटीत 'सर' म्हणायचं नसतं हे त्याला चार वेळा सांगून झालं होतं). एका गुरुवारी दुपारी मॅनेजरसाहेबांना आठवलं की सोमवारी क्लायंटचं ऑडिट आहे आणि आपण पोर्ट स्कॅनचा रिपोर्ट द्यायचा कबूल केलाय. काम पोराकडे आलं. त्याच्याकडे विंडोजचा लॅपटॉप. त्याने सर्च केलं, सगळ्यात वर जे आलं त्यावर क्लिक केलं, फाइल उतरवली. अँटीव्हायरसने लाल खिडकी दाखवली. तो माझ्या डेस्कपाशी आला.

"सर, हे ब्लॉक करतंय. काय करू?"

मी स्क्रीनवरून मान न वळवता म्हणालो, "अरे, अशी टूल्स अँटीव्हायरसला खटकतातच. थोडा वेळ बंद करून टाक."

त्याने बंद केला. टूल चाललं. रिपोर्टही आला, अगदी व्यवस्थित. तीन आठवड्यांनी क्लायंटच्या टेस्ट सर्व्हरवर या पोराच्या नावाने रात्री दोन वाजता भलत्याच देशातून लॉगिन झालं. शोधाशोध झाली, आणि मग कळलं की त्या फाइलमध्ये खरं टूल तर होतंच, पण सोबत एक पाहुणाही होता. त्याने ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि सेशन कुकीज केव्हाच बाहेर पाठवल्या होत्या.

पुढे काय झालं ते तुमच्या लक्षात आलंच असेल. प्रोबेशन संपायच्या आधी पोराला घरी पाठवलं. मीटिंगमध्ये प्रश्न आला, "अँटीव्हायरस बंद करायला कुणी सांगितलं?" त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "मीच केला." आणि मी गप्प बसलो.

तर हा लेख आहे तो असा. उपदेश करायचा अधिकार मला नाही, पण गप्प बसण्याचा अधिकार तर त्याहून नाही.

आता टूलबद्दल. एनमॅप. नेटवर्कवर कोणती मशीन्स जागी आहेत, त्यांचे कोणते पोर्ट उघडे आहेत, त्यामागे कोणती सर्व्हिस चालू आहे हे सांगणारं हे टूल. गॉर्डन लायन ऊर्फ 'फ्योदोर' या माणसाने १ सप्टेंबर १९९७ रोजी फ्रॅक मासिकाच्या ५१व्या अंकात त्याचा सोर्स कोड छापला. तेव्हा ते फक्त लिनक्सवर चालायचं. 'मेट्रिक्स रीलोडेड' (२००३) पाहिला असेल तर त्यात ट्रिनिटी काळ्या स्क्रीनवर जे चालवते ते हेच. सिनेमातली हॅकिंग बहुतेक वेळा हास्यास्पद असते, ही नव्हती. आज ते तिन्ही ऑपरेटिंग सिस्टिम्सवर चालतं आणि फुकट आहे. म्हणूनच उदाहरणाला घेतलं. टूलबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही.

पण इन्स्टॉल करण्याआधी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, जी 'नेक्स्ट-नेक्स्ट-फिनिश' वाले कधीच सांगत नाहीत. साधा प्रोग्राम नेटवर्कवर बोलतो तेव्हा तो ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतो, 'बाई, मला अमक्या ठिकाणी कनेक्शन जोडून दे.' पाकीट कसं बांधायचं, पत्ता कसा लिहायचा हे सिस्टिम बघते. एनमॅपला स्वतःच्या हाताने पाकीट बांधायचं असतं. अर्धवट कनेक्शन सुरू करायचं, समोरून उत्तर येतंय का पाहायचं आणि पूर्ण व्हायच्या आत सोडून द्यायचं, हा त्याचा प्रसिद्ध 'सिन स्कॅन'. त्यासाठी 'रॉ' पॅकेट्स पाठवण्याची आणि वायरवरून जाणारी पॅकेट्स वाचण्याची परवानगी लागते. ही परवानगी कुठलीही शहाणी सिस्टिम येऱ्यागबाळ्याला देत नाही.

म्हणजे बघा, आपण जे टूल बसवतोय ते स्वभावतःच मोठे हक्क मागणारं आहे. घरात कपाटाच्या किल्ल्या मागणारा माणूस आला तर आपण त्याचं ओळखपत्र दोनदा बघू की नाही? इथे नेमकं उलटं होतं. हक्क मोठे म्हणून तपासणी कमी. "सिक्युरिटी टूल आहे ना, मग ते असंच असतं!"

आधी विंडोज घेऊ.

विंडोजने रॉ पॅकेट्सचा रस्ता फार पूर्वीच अरुंद करून ठेवला. २००४ साली एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला आणि त्याने रॉ सॉकेटवरून टीसीपी पाठवणंच बंद केलं. एनमॅपने मग खालच्या मजल्यावरून, इथरनेट फ्रेम स्वतः तयार करून पाठवायची वाट धरली. त्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागतो. पूर्वी तो विनपीकॅप होता, आता एनपीकॅप. एनमॅपचा इन्स्टॉलर मध्येच थांबून एनपीकॅपचा इन्स्टॉलर उघडतो आणि तिथेही आपण डोळे मिटून 'आय अॅग्री' दाबतो.

जरा थांबा. ड्रायव्हर म्हणजे कर्नलमध्ये शिरणारी गोष्ट. त्या छोट्या खिडकीत एक चौकोन असतो, हा ड्रायव्हर फक्त अॅडमिनिस्ट्रेटर्सनाच वापरू द्यावा का असं विचारणारा. तो आपणहून टिक केलेला नसतो. तसाच सोडला तर त्या मशीनवरचा कुठलाही साधा युजर, आणि त्या युजरच्या नावाने चालणारा कुठलाही प्रोग्राम, नेटवर्कवरची पॅकेट्स वाचू शकतो. एकट्याच्या लॅपटॉपवर ठीक आहे म्हणू. चारजण वापरतात त्या लॅबच्या मशीनवर? त्या चौकोनाचा अर्थ सांगणारी एक ओळ किती गाइड्समध्ये वाचली आहे तुम्ही? मी तरी फार नाही.

आणि विंडोजवरचा मोठा प्रश्न म्हणजे फाइल येते कुठून. २०११च्या डिसेंबरमध्ये डाउनलोड डॉट कॉम या त्या काळच्या नामांकित साइटने एनमॅप आपल्या स्वतःच्या इन्स्टॉलरमध्ये गुंडाळून द्यायला सुरुवात केली. त्या गुंडाळीतून टूलबार बसायचा आणि ब्राउझरचं होमपेज बदलायचं. फ्योदोरने जाहीर बोंब ठोकली. २०२३मध्ये विनएससीपी आणि एनीडेस्कच्या नावाने सर्चच्या पानावर खोट्या जाहिराती फिरल्या, क्लिक केलं की मालवेअर. २०२५मध्ये तर एनमॅपच्याच ग्राफिकल भावंडाच्या, झेनमॅपच्या नावाने खोट्या साइट्स उभ्या राहिल्या आणि त्यांतून बंबलबी नावाचा मालवेअर वाटला गेला. लक्षात घ्या, हे जाळं आजीसाठी लावलेलं नाही. ते तुमच्या-माझ्यासाठी लावलंय. सिस्टिम अॅडमिनच्या मशीनवर शिरलं की साऱ्या वाड्याच्या किल्ल्या मिळतात, हे चोराला आपल्यापेक्षा जास्त कळतं.

यावर विंडोजमध्ये उपाय काय? अवघड काही नाही. पत्ता सर्चमधून घ्यायचा नाही, स्वतः टाइप करायचा. उतरवलेल्या फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स. सही कुणाची आहे, वैध आहे का, हे वाचायला दहा सेकंद लागतात. एनमॅपवाले प्रत्येक फाइलचे हॅश आणि सह्या वेगळ्या ठेवतात, आणि हॅश काढायला विंडोजमध्येच सर्टयुटिल आहे, वेगळं काही आणावं लागत नाही. अँटीव्हायरस ओरडला तर तो अख्खा बंद करायचा नाही. आधी सही तपासायची, आणि सही जुळली तरच त्या एका फोल्डरपुरती सवलत द्यायची. कुत्रा भुंकला म्हणून त्याला घराबाहेर काढून दार सताड उघडं ठेवत नाही आपण, कोण आलंय ते बघतो. मी त्या पोराला एवढंच सांगायला हवं होतं. दहा सेकंद!

आता लिनक्सवाले. मला दिसतंय, तुम्ही इथपर्यंत मिशीत हसत वाचत आलात. :-)

कबूल आहे, तुमचा रस्ता मुळात चांगला आहे. उबुंटू किंवा डेबियनवर एपीटीने एनमॅप मागितलं की ते वितरणाच्या भांडारातून येतं, त्या भांडाराच्या यादीवर सही असते, यादीत प्रत्येक पॅकेजचा हॅश असतो, आणि हे सगळं न सांगता तपासलं जातं. आवृत्ती जरा जुनी मिळते, एवढंच. पण नेमकं तेच आपल्याला खपत नाही. 'लेटेस्ट' पाहिजे! मग कुठल्याशा पानावरची ओळ उचलायची: कर्लने स्क्रिप्ट ओढा, पाइप करा आणि सरळ सुडो बॅशला खायला घाला. न वाचलेला मजकूर, न पाहिलेल्या माणसाचा, थेट रूटच्या हक्काने. विंडोजवाल्याच्या 'नेक्स्ट-नेक्स्ट'ला आपण हसतो, पण त्याला निदान तीनदा क्लिक तरी करावं लागतं. आपण एकदाच एंटर मारतो.

दुसरी खोड म्हणजे 'सतत सुडो लिहायचा कंटाळा येतो' म्हणून एनमॅपच्या बायनरीला सेटयूआयडी करून टाकणं, म्हणजे कुणीही चालवलं तरी ते रूट म्हणून चालेल. एनमॅपच्या जुन्या आवृत्त्यांत एक इंटरॅक्टिव्ह मोड होता, त्यातून शेल उघडता यायचं. सेटयूआयडी एनमॅप असलेल्या मशीनवर साधा युजर त्या वाटेने रूट व्हायचा. तो मोड नंतर काढून टाकला, पण एनमॅप आजही ल्युआमध्ये लिहिलेल्या स्क्रिप्ट्स चालवतं. ज्या प्रोग्रामला आपली स्क्रिप्ट भरवता येते त्याला कायमचं रूट करून ठेवायचं म्हणजे कठीणच आहे.

'मग मी डब्ल्यूएसएल वापरतो, विंडोजही आणि लिनक्सही!' असं म्हणणारे बरेच आहेत. छान. पण डब्ल्यूएसएल १ मध्ये रॉ सॉकेट नीट चालतच नाहीत. डब्ल्यूएसएल २ हे आतल्या आत एक व्हर्च्युअल मशीन आहे, आणि सेटिंग बदललं नाही तर ते एनएटीच्या मागे बसलेलं असतं. म्हणजे तुमच्या ऑफिसच्या वायफायवर कोण कोण आहे हे त्याला थेट दिसतच नाही, एआरपी तिथपर्यंत पोचत नाही. टूल इन्स्टॉल होतं, चालतं, रिपोर्टही देतं. फक्त रिपोर्ट अपुरा असतो. हे तर मालवेअरपेक्षा एका अर्थाने वाईट, कारण इथे कुणीही फसवत नसताना आपण फसतो आणि वर क्लायंटलाही ते पाठवतो. साध्या लिनक्सवरही तसंच. रूटशिवाय चालवलं की एनमॅप मुकाट्याने 'कनेक्ट स्कॅन'वर येतं, म्हणजे प्रत्येक कनेक्शन पुरतं जोडतं. मग समोरच्याच्या लॉगमध्ये तुमच्या नोंदीच नोंदी. ते चूक नाही, पण आपण काय चालवतोय हे माहीत असायला नको?

आणि कालीवाल्यांसाठी एक गोष्ट. सगळी टूल्स आधीच बसवलेली असतात म्हणून काली लिनक्स लोकप्रिय आहे. २०२० सालच्या पहिल्या आवृत्तीपर्यंत त्यात डीफॉल्ट युजर रूटच असायचा. २०२५च्या एप्रिलमध्ये कालीच्या मंडळींना आपल्या भांडाराच्या जुन्या सायनिंग कीवर पाणी सोडावं लागलं. की चोरीला गेली नव्हती, त्यांच्याच हाताबाहेर गेली. त्यांनी ते प्रांजळपणे जाहीर केलं, नवी की काढली आणि सांगितलं, ही हाताने उतरवून घ्या, नाहीतर अपडेट चालणार नाही. ती उतरवल्यावर किती जणांनी तिचा हॅश त्यांनी छापलेल्या हॅशशी ताडून पाहिला असेल? आमच्या ऑफिसात मी विचारलं. एकही हात वर आला नाही. ज्यांचा पगार सिक्युरिटीचा आहे त्यांचाही नाही.

राहिले मॅकवाले.

मॅकमध्ये २०१२पासून गेटकीपर आहे. नेटवरून आलेल्या फाइलवर क्वारंटाइनची चिठ्ठी लागते, आणि ओळखीच्या डेव्हलपरची सही नसेल तर ती उघडत नाही. पूर्वी कंट्रोल दाबून क्लिक केलं की सुटका व्हायची. २०२४च्या सिकोयाने ती पळवाट बंद केली, आता सेटिंग्जमध्ये जाऊन मुद्दाम परवानगी द्यावी लागते. अॅपलने अडथळा वाढवला तो विचार करायला वेळ मिळावा म्हणून. आपल्या गाइड्सनी काय केलं? चिठ्ठी फाडण्याची एक ओळीची कमांड छापली. 'हा एरर आला तर हे चालवा.' अहो, तो एरर नाही, प्रश्न आहे! 'हा माणूस ओळखीचा आहे का?' असा. त्याचं उत्तर 'प्रश्न विचारू नकोस' असं देतोय आपण.

बरं, होमब्रू वापरा म्हणावं तर होमब्रूच बसवायची अधिकृत पद्धत कर्लने स्क्रिप्ट आणून बॅशला देण्याची आहे. त्यातल्या त्यात समाधान एवढंच की पत्ता त्यांचाच आहे आणि स्क्रिप्ट आधी वाचता येते. पण पुढची गंमत बघा. नव्या मॅकवर होमब्रू सगळं 'ऑप्ट होमब्रू' या फोल्डरमध्ये ठेवतं आणि त्या फोल्डरचा मालक तुम्ही, म्हणजे तुमचा रोजचा युजर. तुम्ही तिथलं एनमॅप सुडो लावून चालवता. म्हणजे जी फाइल तुमच्या नावाने चालणारा कुठलाही प्रोग्राम पासवर्ड न विचारता बदलू शकतो, ती तुम्ही रूट म्हणून चालवताय. दाराला भक्कम कुलूप आणि किल्ली पायपुसण्याखाली. यात होमब्रूला शिव्या देण्यात अर्थ नाही, सोयीसाठी केलेली ती तडजोड आहे. पण तडजोड केलीय हे तडजोड करणाऱ्याला ठाऊक पाहिजे की नको?

आणि 'मॅकला व्हायरस लागत नाही' या गटासाठी: २०१७च्या मे महिन्यात हँडब्रेक या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरचा एक डाउनलोड मिरर काही दिवस कुणीतरी ताब्यात घेतला आणि मॅकच्या फाइलमध्ये प्रोटॉन नावाचा ट्रोजन घातला. पॅनिक या कंपनीच्या एका संस्थापकानेच ती उतरवली. हा माणूस मॅकसाठीच सॉफ्टवेअर बनवणारा, कालचा पोरगा नव्हे. कंपनीचा सोर्स कोड चोरीला गेला. त्याने ते स्वतःहून लिहून जगाला सांगितलं. असं लिहायला छाती लागते. माझी त्या मीटिंगमध्ये नव्हती.

आता तुम्ही म्हणाल, 'एवढा विचार करत बसलो तर काम कधी करायचं? आणि सही तपासून तरी सगळं सुटतं का?'

नाही सुटत. हे प्रामाणिकपणे मान्य करतो. २०२४च्या मार्चमध्ये एक्सझेड प्रकरण झालं. लिनक्समध्ये सगळीकडे असलेल्या एका कॉम्प्रेशन लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार निघालं. ते घालणारा माणूस दोन वर्षांहून जास्त काळ त्या प्रोजेक्टमध्ये विश्वास कमावत होता. पॅकेजवर सही खरीच होती, आणि कालीतही ती आवृत्ती काही दिवस होती. पकडलं कुणी? आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने, आपलं एसएसएच लॉगिन अर्ध्या सेकंदाने मंद का झालंय या एका शंकेवरून. त्या दिवशी सहीने कुणालाच वाचवलं नाही. शंका आली आणि तिचा पाठपुरावा झाला म्हणून वाचलो.

पण यातून 'मग तपासून उपयोग काय' असा निष्कर्ष काढणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. हेल्मेट घालूनही अपघातात माणसं जातात, म्हणून लक्ष्मी रोडवर... जाऊ दे, पुणेकरांना हेल्मेटचं उदाहरण द्यायचं नसतं. :-) थोडक्यात, एक्सझेडसारखा हल्ला करायला वर्षं लागतात. खोटी साइट उभी करायला एक दुपार पुरते. दहा सेकंदांच्या तपासणीने दुसऱ्या प्रकारातलं बरंचसं अडतं, आणि आमच्या पोराचं नेमकं तेच अडलं असतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. 'नवीन मुलांना एवढं सांगितलं तर ती घाबरून पळतील.' मला हे पटत नाही. पोरं अज्ञानाने पळत नाहीत, अपमानाने पळतात. ज्याला कधी कुणी सही कशी तपासायची हे दाखवलं नाही, त्याच्यावर नंतर 'बेसिक सेन्स नाही' असा शेरा मारायचा, हा आपल्या इंडस्ट्रीचा आवडता खेळ. पोहायला न शिकवता विहिरीत ढकलायचं आणि बुडाला की म्हणायचं, दम नव्हता.

मग दोष कुणाचा? माझ्या मते तिघांचा, आणि तिघांत तो पोरगा नाही. पहिला, गुरुवारी दुपारी सोमवारच्या ऑडिटची आठवण येणाऱ्या मॅनेजरचा. घाई असली की तपासणी आधी कापली जाते, हे त्याला माहीत असतं आणि तरी तो घाई करतो. दुसरा, गाइड लिहिणाऱ्यांचा. वॉर्निंग आली तर ती कशी घालवायची हे लिहितात, ती का आली हे लिहीत नाहीत. तिसरा आपला, सीनिअर म्हणवणाऱ्यांचा, जे मान न वळवता उत्तर देतात.

तुमच्या ऑफिसच्या विकीवर प्रत्येक टूलसाठी एक पान असू द्या. त्यावर पाच गोष्टी. एक, फाइल कुठून घ्यायची, नेमका पत्ता. दोन, ती खरी आहे हे कसं तपासायचं, तिन्ही सिस्टिम्सवर वेगवेगळं. तीन, टूल कोणते हक्क मागतं आणि का. चार, काम झाल्यावर काढायचं कसं. विंडोजवर एनमॅप काढलं तरी एनपीकॅप वेगळं काढावं लागतं, हे कितीजणांना माहीत आहे? आणि पाच, स्कॅन कशावर करायची परवानगी आहे आणि ती कुणी दिली, लेखी. हे पाचवं तर सगळेच विसरतात. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० आहे. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये शिरलं तर कलम ४३ लागतं. हेतू अप्रामाणिक ठरला तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सरावच करायचा असेल तर स्वतःचा राउटर आहे. शिवाय एनमॅपवाल्यांनी 'स्कॅनमी डॉट एनमॅप डॉट ऑर्ग' हे मशीन त्यासाठीच ठेवलंय. दिवसातून दोन-चारदा खुशाल स्कॅन करा, शंभरदा नको.

आमच्या विकीवर असं पान मी गेल्या आठवड्यात लिहिलं. मॅनेजरसाहेबांनी विचारलं, "या तासांचं बिलिंग कुठल्या प्रोजेक्टवर टाकलंय?" असो.

पान लिहून झाल्यावर त्या पोराला फोन केला. दोन महिन्यांत पहिल्यांदा. आधी त्याला सांगितलं की त्या मीटिंगमध्ये मी बोलायला हवं होतं. तो म्हणाला, "जाऊ द्या हो सर." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यानेच जास्त लागलं. गावी आहे, अजून नोकरी नाही, इंटरव्ह्यूमध्ये आधीची नोकरी का सोडली विचारतात तेव्हा काय सांगायचं ते कळत नाही म्हणाला. मी म्हटलं, माझा नंबर दे त्यांना. रेफरन्स म्हणून. काय झालं ते मी सांगेन, कुणी काय सांगितलं होतं त्यासकट. सोमवारी आमच्या एचआरलाही तेच लिहून पाठवणार आहे. त्याचा परिणाम माझ्यावर काय व्हायचा तो होईल.

पाऊस थांबला वाटतं. चहा कधीच गार झाला.

मंडळी, या शनिवारी एकच काम करा. तुमच्या मशीनवर एक टूल असं शोधा जे तुम्ही घाईत, वॉर्निंग डावलून बसवलं होतं. ते आलं कुठून हे आठवतंय का बघा. आठवत नसेल तर काढून टाका आणि नीट, सही तपासून, पुन्हा बसवा. आणि सोमवारी एखादा ज्युनिअर डेस्कपाशी येऊन "हे ब्लॉक करतंय, काय करू?" असं विचारेल, तेव्हा मान वळवून त्याची स्क्रीन बघा.